लोकर लावलेली मोटारसायकल

— नाही, नाही, तू बोलूच नकोस. मौन आहे ना आज तुझं? असू दे. ते मोडलं तर पाप मला लागायचं, आणि माझ्या खात्यावर आधीच काय कमी आहे? तू नुसता उभा राहा. बस म्हणत नाही, त्या खुर्चीला गादी आहे आणि गादीवर तू बसत नाहीस — माहीत आहे मला, सगळं माहीत आहे. गाडीचे पाने परत द्यायला आलास ना? ठेव, त्या खोक्यात ठेव. आणि हे काय, घड्याळ? घड्याळ पण? अरे, ते तर तुझं आहे, मॅट्रिक झालास तेव्हा मी स्वतः हातात बांधलं होतं... बरं. ठेव. उद्या दीक्षेच्या वरघोड्यात रथावर बसून तांदूळ उधळशील, कपडे वाटशील, जे हाताला लागेल ते लोकांच्या ओंजळीत टाकशील, आणि बापाचे पाने मात्र आठवणीनं बापाच्या शेडमध्ये आणून ठेवतोस. शहाणा आहेस. पण दाराकडे वळू नकोस, केवल. थांब जरा. तुला आज बोलता येत नाही आणि मला गप्प बसवत नाही, म्हणजे जोडी बरी जमली. मान तरी हलवता येते का मौनात? तीसुद्धा नाही? बरं, नको हलवूस.

हे कापड काढतो. बघ. अरे, बघायला काय हरकत आहे? बघण्याचा त्याग अजून केला नाहीस, तो उद्याच्या पुढचा. आज तू अजून केवलचंद फुलचंद आहेस, कंदीलवाल्या फुलचंद शेठचा मुलगा — कंदील, स्टोव्ह, लग्नाला बत्त्या भाड्यानं, धुळ्यात आग्रा रोडवर कुणालाही विचारा. उद्या तुझं नाव बदलणार, डोईचे केस जाणार, अंगावर पांढरं येणार, आणि मी — तुझा बाप, तुझं नाक पुसलेला माणूस — मी तुझ्यापुढे हात जोडून ‘मत्थएण वंदामि’ म्हणायचं. म्हणेन. म्हणेन की नाही ते बघू. आधी तू गाडी बघ.

ओळखलीस का? कशी ओळखशील, बदललीय ती. पण आपलीच आहे, तीच लढाईतली बीएसए, गोऱ्या सोल्जरांनी हाकलेली, देवळालीच्या लष्करी लिलावातून कुणाच्या कुणाच्या हाती फिरत आली, तेव्हा तिच्यावर कोंबड्या बसत होत्या. तुझी आई म्हणाली, हे भंगार माझ्या दारात नको. आणि तू टाकीवरून असा हात फिरवलास — गायीच्या पाठीवरून फिरवतात तसा — आणि म्हणालास, बाबूजी, हिचे काटे कुठं आहेत? एकही काटा नव्हता रे! वेगाचा नाही, तेलाचा नाही, दिव्याच्या जागी नुसतं भोक. तिथून आपलं सुरू झालं. घरात आपण मारवाडी बोलतो, स्थानकात साधूंकडून अर्धमागधी ऐकतो, पण गाडीपाशी आपण दोघं मराठीच बोलत आलो. झुलाल मिस्त्रीमुळं. तो इथं स्टुलावर बसून विडी ओढायचा आणि म्हणायचा, ‘शेठ, आंडोरना हात चांगला शे, त्याले दुकानमा नका बसाडू.’ मी हसायचो. पोराला दुकानात नको बसवू, तर कुठं बसवू? आता कळलं कुठं बसणार तो. साधूंच्या लाकडी पाटावर.

हा तेलाच्या दाबाचा काटा — आठवतं? जुन्या बत्तीच्या टाकीवरचा. तू काढलास, मी पितळेचं घर ठोकलं. हे धरायचे सगळे ब्रॅकेट जिनिंगमधल्या पट्टीचे, कापसाच्या गाठीला आवळतात ना, ती लोखंडी पट्टी. लोक फेकून देतात आणि आपण वाकवत बसायचो. हँडल किती थरथरतं या गाडीचं, सहा महिने काहीही बसवलं की सुटून पडायचं, मग तू सायकलच्या ट्यूबचे तुकडे मध्ये घातलेस आणि तेव्हापासून एक नट ढिला झाला नाही. एक नाही! आणि हा वेगाचा. याला हात लाव. नको लावूस, पण बघ. गजराच्या घड्याळाची तबकडी, सायकलचा डायनामो चाकाला, रेडिओवाल्या मगनकडचा काटा. चाक जितकं जोरात तितका काटा वर. पण आकडे कुठं घालायचे? तर तू मागं बसायचास हे घड्याळ हातात धरून, आणि मी सोनगीरच्या रस्त्यानं एका वेगात चालवायचो, दगड गेला की तू ओरडायचास. दगडावर तेव्हा मैल खोडून किलोमीटर रंगवत होते, एक दगड जुना, एक नवा, आपला सगळा हिशेब बोंबलला, किल्ला दिसायला लागला तरी आपण भांडतच होतो. म्हणून दोन ओळी आहेत बघ. आतले मैल माझ्या हातचे, वेडेवाकडे. बाहेरचे किलोमीटर तुझ्या हातचे. असला काटा अख्ख्या खानदेशात दुसरा असेल का? नसेल. कुणाला लागेल तो?

दिवा बघतोस. बघ, बघ, मला ठाऊक होतं तुझी नजर तिथं जाणार. थांब, दार लोटतो, अंधार झाला की नीट दिसेल. हं. लागला. दिसलं का? पिवळा! आता बोल — नको, बोलू नकोस — मीच बोलतो. ही कंदिलाची पिवळी काच आहे. तो पांढरा झोत गेला, केवल. तो मी काढून टाकला. त्याचा मला केवढा गर्व होता — समोरच्या बैलगाडीवाल्याला डोळ्यावर हात धरायला लावणारा दिवा, कंदीलवाल्यानं हातानं घडवलेला. आणि त्या पावसाळ्यात सोनगीरहून परत येताना अंधार पडला, आणि घरी आल्यावर तू फडकं घेऊन काच पुसायला बसलास. फडकं भरून गेलं. पंख, पाय, पिवळं पाणी. मी म्हणालो, पुसून टाक लवकर, वाळलं की निघत नाही. आणि तू म्हणालास — ओरडला नाहीस, रडला नाहीस, सहज म्हणालास — ‘बाबूजी, हे सगळे आपल्याकडे आले होते.’ एवढंच. मी म्हटलं, किडे आहेत, दिव्याकडे येणारच, त्यात आपला काय दोष? त्याच चातुर्मासात महाराजसाहेब आपल्या स्थानकात होते. दुसऱ्या दिवसापासून तू व्याख्यानाला जायला लागलास, आणि गाडीवर काही पुन्हा बसला नाहीस. लोक म्हणतात, फुलचंद शेठ, भाग्यवान तुम्ही, पूर्वजन्मीचं पुण्य. पुण्य कसलं? पांढरा दिवा.

म्हणून पिवळी काच. पिवळ्याला किडे येत नाहीत. कमी येतात. मी दोन महिने बघितलंय इथं बसून, सगळं शास्त्र बघितलंय. आणि आता हे बघ, हे बघून मला हसू नकोस — झुलाल हसला, पोट धरून हसला, म्हणाला, ‘शेठ, हाई गाडी शे का झाडूवाली?’ हसू दे त्याला. हे पुढच्या चाकाच्या पुढं, खाली वाक, दिसलं? ब्रश. लोकरीचा. मऊ आहे, पंख्याच्या वाऱ्यानं हलेल इतका मऊ. तुमची ती पुंजणी असते ना, बसायच्या आधी जमीन झाडायची, जीव बाजूला करायची — तीच. गाडीची पुंजणी. चाक जायच्या आधी ब्रश जाणार, मुंगी बाजूला होणार, मग चाक. चाकाला वर पत्रा, चिखल उडायला नको, त्यातही जीव असतात. भोंगा काढला, पाखरं दचकतात. तुझ्यासाठी केली रे. सगळी तुझ्यासाठी. मी काय मागतोय, सांग? लग्न करू नकोस, चालेल. मुलीवाल्यांना मीच नाही म्हणतो. दुकानात बसू नकोस. दिवस मावळल्यावर जेवू नकोस, पाणी उकळलेलं पी, बटाटा बघू नकोस, दिवसभर सामायिक घेऊन ध्यानात बस — श्रावकाची जेवढी व्रतं आहेत तेवढी घे, मी जोडीला घेतो, दोघं बसू. फक्त घरात राहा. माझ्या डोळ्यांसमोर राहा. आणि कधी वाटलं, कधी तरी, तर या गाडीवर मागं बस, आपण सोनगीरपर्यंत जाऊन येऊ. वाटेत कुणी मरणार नाही. मी बंदोबस्त केलाय.

काही नाही? पालथ्या घड्यावर पाणी. बरं.

ही लोकर कुठली ठाऊक आहे? तुझ्या ओघ्याची, साधूच्या हातातल्या त्या मोठ्या पुंजणीची. वर माडीवर तुझी आई महिनाभर तुझा ओघा बांधतेय, एकेक दशी हातानं वळून, ओठात नवकार. तुझ्या आईचं, चंदनबाईचं मला कळत नाही, माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं लगेच हो म्हटलं. म्हणाली, माझ्या पोटाला एवढं मिळालं, मी कुठं अडवू? आणि मग स्वयंपाकघरात गेली आणि तुला आवडायचे तेवढे सगळे पदार्थ करायला लागली, रोज, आणि तू रोज कोरडी भाकरी आणि डाळ घेऊन उठायचास, आणि ते पदार्थ मी खायचो. महिनाभर मी तुझं जेवण जेवतोय, केवल. तिची एक लोकरीची जुडी मी उचलली. ती शोधत होती, म्हणाली, कमी पडतेय, कुठं गेली कोण जाणे. मी बोललो नाही. तुझ्या ओघ्याची लोकर माझ्या चाकापुढं लागली. कशाला लावली? मला वाटलं, एकच लोकर आहे, तिकडं चालते तर इकडं का चालू नये? चालेल ना? तूच सांग. नाही, तू कसा सांगणार.

विहारात तू महाराजांच्या मागं निघालास पहिल्यांदा, अनवाणी, जळगावच्या वाटेनं, तेव्हा मी मागून आलो होतो या गाडीवर. तुला माहीत आहे, तू एकदाही वळून बघितलं नाहीस पण तुला आवाज ओळखू येतो. पहिल्या गिअरवर, तुमच्या मागं मागं, म्हटलं, पाय पोळतील, फोड येतील, मग बसेल मागं. इंजिन तापून लाल झालं. लोक शेतातून बघायला लागले — पुढं पाच साधू, मागं एक शेठ धूर काढत. आणि माझं लक्ष सारखं काट्याकडं. काटा हललाच नाही रे! पारोळ्यापर्यंत शून्यावर. बिघडला म्हणून मी थोपटला, तार हलवली. बिघडला नव्हता. तुमची चाल त्या काट्यात मावतच नव्हती, आपण आकडे घातले ते त्याच्या कितीतरी पुढून सुरू होतात. पारोळ्याला इंजिन बसलं. तुम्ही पुढं गेलात. मी ट्रकमध्ये गाडी घालून परत आलो, आणि ट्रकवाला विचारतो, शेठ, तुमचं कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही.

काय बघतोस? नळी? हो... पेट्रोलची नळी. तुझी नजर आधीपासून अशीच, गाडीपाशी आलास की पहिल्यांदा नळी. काचेची, दोन्हीकडं पितळी टोपी, तूच बसवलीस, म्हणालास, बाबूजी, टाकी उघडून काडी घालायला नको, बाहेरून दिसलं पाहिजे. दिसतंय. काठोकाठ भरलीय. मग? भरली म्हणून काय झालं? फेरी मारायची होती तुझ्याबरोबर. सोनगीरपर्यंत. सोनगीरला एवढं लागत नाही, तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आणि ती मागं बांधलेली वळकटी — चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं माझं. बघू नकोस असा. सांगतो. उद्या सकाळी स्थानकात बठ्ठं गाव जमणार, महाराजसाहेब विचारणार, आई-बापाची आज्ञा आहे का? आई उठून हो म्हणेल. मग बाप. बापानं उभं राहून सगळ्या श्रीसंघापुढं म्हणायचं, आज्ञा आहे. त्याच्याशिवाय दीक्षा होत नाही. बरोबर ना? आणि बापच नसेल तर? बाप पहाटेच गाडी काढून फैजपूरला लाडकुंवरकडे, लेकीच्या घरी जाऊन बसला असेल तर? तिच्या सासरच्या केळीच्या बागेत कुठं शोधतील? रथ उभा, बँड उभा, आणि फुलचंद शेठ नाही. मुहूर्त टळला असता. मग दुसरा मुहूर्त. मग दुसऱ्यालाही मी नाही. असं ठरवलं होतं मी. ठरवलंय. तुझी आई माझं तोंड पुन्हा बघणार नाही, गाव थुंकेल, थुंकू दे. मला तू पाहिजेस. बाकी मला काही कळत नाही, तत्त्व नाही, मोक्ष नाही, मला माझा मुलगा पाहिजे, बस! आणि तू असा उभा आहेस. राग तरी येऊ दे. रागाचंही मौन असतं का?

हट. हो बाजूला. काढतो मी गाडी. उद्या कशाला, आत्ताच जातो. दार उघड — नको, मीच उघडतो. स्टँडवरून काढू दे... हं... उतरली. जड झालीय, का मी म्हातारा झालोय. चल, सरक समोरून. केवल, उतार आहे दाराकडे, पुढचा ब्रेक धरत नाही, सरक — अरे! अरे, खाली काय बसतोस चाकापुढं? वेडा झालास? अंगावर येईल! मला धरवत नाही ही — ऊठ! मला अडवतोस? मौनात हात आडवा करून बापाला अडवतोस? ऊठ म्हणतो ना —

काय आहे तिथं?

मुंग्या.

हां... लाडू असेल. सकाळी तुझ्या आईनं पाठवला होता, उद्याच्यातला पहिला लाडू, बापाला. मला गिळवेना. सीटवर ठेवला होता, पडला असेल, चुरा झाला असेल. केवढी रांग आहे. थेट चाकाखालून. थांब, थांब, मी धरलीय. मागं ओढता येत नाही, उतार आहे, आणि पाय उचलला तर तोल जाईल. पण धरलीय मी. तू कर तुझं. पुंजणी आणलीस बरोबर? खिशातच असते का? बरं. घाई करू नकोस. दाबू नकोस, हलक्या हातानं. तुला मी सांगतोय! हात चांगला शे, म्हणायचा झुलाल. खरं बोलायचा... घाम डोळ्यात जातोय, पुसता येत नाही. असू दे. त्या टायरच्या कडेला आहेत अजून, डाव्या बाजूला, तुला दिसत नाहीत, मला वरून दिसतात. हो, तिथंच. आणि एक ब्रेकच्या सळईवर चढलीय. तीच. सावकाश. धरलीय मी, पडू देत नाही.

झालं? सगळ्या?

बरं. आता टेकवतो भिंतीला.

ब्रश वर राहिला माझा. दिसलं ना? जमिनीपासून चार बोटं वर. त्या खालून गेल्या, बिनघोर, आणि मागून चाक होतंच. मला ठाऊक होतं रे. जमिनीला टेकवला तर लोकर गावाबाहेरच्या नगावबारीपर्यंत टिकत नाही, झिजून जाते, आणि उचलला तर मुंगी खालून जाते. दोन महिने पट्टी वर करतोय, खाली करतोय. जमत नाही ते. तुला पाहिल्याबरोबर कळलं असणार, आणि तू हसला नाहीस.

तो पाना दे. नको, राहू दे, तू ठेवून टाकलेस पाने. मीच घेतो. दोनच तर नट आहेत. घट्ट बसलेत, तुझी ट्यूबची युक्ती... आला. हा दुसरा. घे. ही लोकर घे. तेल लागलेलं नाही, जपली होती मी, वास घेऊन बघ. वर नेऊन दे आईला. म्हणावं, कमी पडत होती ना, मिळाली. कुठं मिळाली ते सांगू नकोस — तू कशाला सांगशील, तुझं मौन आहे. बरं झालं, कशाला तरी उपयोगी पडलं.

उद्या मी येईन. पुढच्या रांगेत बसेन. महाराजसाहेबांनी विचारलं की उभा राहीन. आवाज फुटला नाही तर मान हलवेन, मान चालते का तेवढं विचारून ठेव. नाही, चालणार नाही, बोलावं लागेल. बोलेन. तू माझ्याकडं बघू नकोस त्या वेळी, केवल, महाराजांकडं बघ. तू बघितलंस तर मला जमायचं नाही.

आता जा. आई वाट बघत असेल. — काय? दिव्याकडं काय बघतोस? हां, तो चालूच राहिला. नको, तू हात लावू नकोस. तुला चालत नाही, दिव्यातही जीव मानता तुम्ही. मी मालवतो. तू जा.